टोपीतला परवाना

डोक्यावर सरकारी कागद घेऊन फिरणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आयर्लंडमध्ये. माझ्या मुलाच्या घराला लागून त्याचं शेत होतं. मधे एक झुडपांचं कुंपण. त्या कुंपणाशी कुणी नुसतं घुटमळलं तरी हा म्हातारा लांबून चालत यायचा, डोक्यावरची चपटी टोपी काढायचा, तिच्या आतल्या बाजूला खोचलेली प्लास्टिकची पिशवी उलगडायचा आणि आतला परवाना समोरच्याच्या डोळ्यापुढे धरायचा. टपालवाल्याने तो पाहिला होता, गुरांच्या डॉक्टरने पाहिला होता, सामान पोचवायला येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाने पाहिला होता. आमची ओळख झाली तेव्हा एप्रिल चालू होता आणि शेतात ढेकळांशिवाय काही नव्हतं. तरी त्याने मला परवाना दाखवला. मला वाटलं, माती बाळगायलासुद्धा या देशात लेखी परवानगी लागत असेल. मी मान डोलावली. त्याने टोपी घातली आणि म्हणाला, "ग्रँड." त्यांच्याकडे हा शब्द 'ठीक आहे'पासून 'फार छान'पर्यंत कशालाही चालतो.

मी तिथे गेले होते तीन महिन्यांसाठी. मुलगा औषधांच्या कारखान्यात इंजिनियर, सून घरी बसून कंपनीचं काम करते, घर किलकेनीच्या बाहेर एका खेड्यात. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत मी उतरले, मार्चमध्ये विमानं बंद झाली, आणि तीन महिन्यांचे एकवीस महिने झाले. माझी मुलं चांगली आहेत, तक्रार करायला जागा नाही. पण त्या घरात मला दिवसातून पन्नास वेळा एकच वाक्य ऐकू यायचं: "आई, तुम्ही बसा." भांडी घासायला गेले की बसा. भाजी निवडायला घेतली की बसा. मी काही बसायला जन्माला आलेली बाई नाही. सहा जणांत थोरली होते, चौथीत शाळा सुटली ती कामासाठीच सुटली. पण परक्या देशात भांडायचं कुणाशी? मी खिडकीत बसले. खिडकीतून दिसत होता तो म्हातारा. त्याला करमणूक म्हणून पाहायला सुरुवात केली, हे खरं.

जूनपर्यंत त्याचं शेत कमरेला आलं, जुलैत माणूस बुडेल एवढं झालं. मी एक दिवस कुंपणाशी जाऊन पान हातात घेऊन पाहिलं आणि घरात येऊन सुनेला सांगितलं, "शेजारचा म्हातारा गांजा पिकवतोय." आमच्या गावच्या जत्रेत बैरागी यायचे, मला ते पान माहीत होतं. सून हसली. मुलगा मात्र पांढरा पडला. दोन वर्षं तो त्या घरात राहत होता आणि कुंपणापलीकडे काय उगवतं हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. तो मला म्हणाला, "आई, फोटोबिटो काढून गावाकडे पाठवू नकोस हां." मी सकाळीच पाठवला होता.

मग सून मला घेऊन कुंपणाशी गेली, टोपी निघाली, परवाना उलगडला आणि व्याख्यान झालं. हा हेम्प आहे. गांज्याच्याच कुळातला, पण यात नशा नाही. काडीपासून धागा, धाग्यापासून दोर आणि कापड, बियांपासून तेल, आतल्या भुशापासून भिंती. एवढं गुणी पीक, पण दिसतं नालायक भावासारखं, म्हणून त्याला दर वर्षी परवाना काढावा लागतो. बी ठरलेलंच आणायचं, शेत रस्त्यावरून दिसू द्यायचं नाही, माणूस येऊन झाडाची तपासणी करणार, पानं-फुलं विकायची नाहीत. "बार्लीपासून दारू होते," म्हातारा म्हणाला, "तरी बार्लीला कुणी ओळखपत्र मागत नाही. माझ्या पिकातून तुला चक्करसुद्धा येणार नाही, आणि मी टोपीत कागद घेऊन फिरतो." बार्लीवर त्याचा इतका राग होता की पलीकडच्या शेतातली बार्ली वाऱ्याने आडवी झाली त्या दिवशी तो शीळ घालत होता.

हे पीक इतर पिकांसारखं मोकळं करा, अशी पत्रं तो मंत्र्यांना दर सोमवारी लिहायचा. हाताने, निळ्या शाईने, दोन्ही बाजूंनी. उत्तरं यायची, फार सभ्य: आपलं पत्र मिळालं, आभारी आहोत. ती उत्तरं त्याने कोंबड्यांच्या खुराड्यात एकाखाली एक ठोकून ठेवली होती. खुराड्याच्या भिंती हेम्पच्या भुशात चुना कालवून त्याने स्वतः बांधल्या होत्या आणि त्या आमच्या घरापेक्षा उबदार होत्या, हे मी आत वाकून, हात लावून पाहिलं आहे. "कोंबड्या सरकारी पत्रव्यवहार वाचतात, म्हणून अंडी कमी देतात," असं तो म्हणायचा. त्याचा शर्ट हेम्पचा होता, इतका जाड की काढून ठेवला तर उभा राहिला असता. नाश्त्याला हेम्पच्या बिया. एकदा त्याने आमच्यासाठी त्याच बियांचा केक करून कुंपणावर ठेवला. मुलाने सुरी लावली, सुरी वाकली. मी म्हटलं, "याने खुराड्याचा गिलावा आणि केक एकाच बादलीत कालवला असणार." सुनेने त्याला इंग्रजीत सांगितलं की आईंना केक फार आवडला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला म्हणाला, "ती असं म्हणालेली नाही."

ही सुनेची सवय. मुलगी पुण्याची, संस्कार चांगले, त्यामुळे माझ्या प्रत्येक वाक्याला साखर लावल्याशिवाय तिला भाषांतर करता येत नाही. आणि या म्हाताऱ्याला मराठीचं अक्षर कळत नसताना साखर कुठे लावली ते बरोबर कळायचं.

त्या गावची पोरं एकदा कुंपणातून शिरून झाडं तोडून घेऊन गेली होती. म्हाताऱ्याने दुसऱ्या दिवशी पाटी लावली: 'तुम्हाला वाटतंय ते हे नाही. ओढलंत तर फक्त डोकं दुखेल. न्यायचंच असेल तर डाव्या कोपऱ्यातलं न्या, तिथलं पीक हलकं आहे.' चौकशीला पोलिसाची गाडी आली. त्या तरुण पोलिसाला टोपी काढून परवाना दाखवला, केक खाऊ घातला. तो पोलीस पुन्हा आला नाही. परवान्यापेक्षा केकमुळे, असं माझं मत आहे.

सगळ्याला ग्रँड म्हणणारा हा माणूस. वाऱ्याने गोठ्याचा पत्रा उडाला, ग्रँड. गुडघा सुजला, ग्रँड. एका पावसाळी सकाळी तो चिखलात पाठीवर पडला, मी खिडकी उघडून ओरडले, तर पडल्यापडल्या हात वर करून म्हणाला, "ग्रँड, मिसस, ग्रँड." पण त्या सप्टेंबरात मी त्याला गप्प पाहिलं. पीक कापून त्याने शेतातच पसरलं होतं. दवाने काडी हळूहळू कुजते, धागा सुटा होतो, असं त्याच्या पुस्तकात होतं. पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावाला पाऊस नसावा. इथे तीन आठवडे पाऊस थांबला नाही. काड्या काळ्या पडल्या, हातात घेतली की लगदा. तो शेताच्या मधोमध टोपी हातात घेऊन उभा होता, आणि टोपी कुणाला दाखवायला काढलेली नव्हती.

मी कुंपणाशी गेले आणि म्हणाले, "सडवलंस ना सगळं! ज्याला कुजवता येत नाही त्याने हे पेरूच नये."

सून म्हणाली, "शी सेज, व्हॉट अ पिटी अबाउट द वेदर."

"नो," म्हातारा म्हणाला. "खरं काय म्हणाली?"

सुनेने मान खाली घालून खरं सांगितलं. मला वाटलं, आता हा चिडणार. तो कुंपणापाशी आला, टोपी घातली आणि विचारलं, "मग कसं कुजवायचं?"

मला हा प्रश्न त्या देशात कुणी विचारला नव्हता. खरं तर आमच्या देशातही फार वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. मी सांगितलं. पेंढ्या बांधायच्या, पाण्यात बुडवायच्या, वर दगड ठेवायचे. वाहतं पाणी नको, साचलेलं हवं. साल सुटू लागली की काढायचं, धुवायचं, वाळवायचं. सून भाषांतर करता करता थांबली. "आई, हे तुम्हाला कसं माहीत?" मी म्हटलं, "माझ्या माहेरी दोर वळायचा धंदा. अंबाडी आणि घायपात. बाप वळायचा, मी फिरकी फिरवायचे. शाळा सुटली ती त्यासाठीच." ती म्हणाली, "तुम्ही कधी बोलला नाहीत." माझा मुलगा मित्रांना सांगतो, आम्ही शेतकरी कुटुंब. जमीन आम्हाला कधीच नव्हती. दोर वळणाऱ्यांना गावात काय समजतात हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही, म्हणून दोघंही बोललो नव्हतो. सुनेने ते सगळं त्या म्हाताऱ्याला सांगितलं, या वेळी साखर न लावता. म्हाताऱ्याने टोपी काढली. परवाना काढला नाही. नुसती टोपी काढली आणि परत घातली. त्या दिवसापासून तो टपालवाल्याला मला दाखवून सांगायचा, "ही इंजिनियरची आई. पण हिला काम येतं."

नाताळात त्याचा पुतण्या आला. म्हाताऱ्याला बायको नाही, मूल नाही. जमीन त्याच्या आणि या पुतण्याच्या नावावर. पुतण्या डब्लिनजवळ ल्यूकनला राहतो, बँकेत आहे, बूट पांढरे. वाईट माणूस नव्हता, फक्त कंटाळला होता. कुंपणाच्या पलीकडे उभा राहून तो काकाला जे बोलला ते सुनेने मला हळू आवाजात सांगितलं. तीन वर्षं झाली, या शेतातून पत्रं आणि बोलणं सोडून काही निघालेलं नाही. पुढच्या पिकातून कामाची एक तरी वस्तू दाखव. नाहीतर शेत लाकडासाठी झाडं लावणाऱ्यांना देऊन टाकू. स्प्रूसची झाडं एकदा लावली की मग हयातभर तिथे दुसरं काही पेरायला नको. म्हातारा नुसता "ग्रँड" म्हणाला. तो शब्द त्याने इतका बारीक कधी म्हटला नव्हता.

एकवीस सालचं पीक आलं, तपासणीचा माणूस येऊन नमुन्याला झाडं कापून घेऊन गेला, ऑगस्टअखेर कापणी झाली. शेताच्या कोपऱ्यात गुरांसाठी खणलेलं एक जुनं तळं होतं, ओढ्यापासून लांब. त्यात आम्ही निम्म्या पेंढ्या बुडवल्या. आम्ही म्हणजे त्याने. मी काठावर खुर्ची टाकून हात दाखवत होते. चार दिवसांत वास सुटला. ज्याने कुजत घातलेली अंबाडी हुंगली नाही त्याला सांगून कळणार नाही. मला तो माहेरचा वास, मी छाती भरून घेत होते. मुलगा खिडक्या लावून साहेबांशी कॉम्प्युटरवर बोलत होता, तरी मधेच नाक धरायचा. गावात लोकांना वाटलं म्हाताऱ्याची गाय मेली. एक बाई सांत्वनाला येऊन गेली.

बाराव्या दिवशी मी सांगितलं, काढ. आमच्याकडे बाराव्या दिवशी काढतात. त्याने पेंढ्या काढल्या, वाळवल्या, मी म्हटलं बडव, त्याने बडवल्या. आणि धागा काडीला चिकटून बसलेला, काडीसकट तुटला. निम्मं पीक माझ्या डोळ्यांदेखत भुसा झालं. मला तेव्हा कुठे समजलं. आमचं पाणी भादव्यातल्या उन्हात कोमट असतं. त्या तळ्यात मी बोट घातलं तर हाडापर्यंत गारठा. माझ्या बापाने कधी दिवस मोजले नव्हते. तो रोज एक काडी काढून मोडायचा आणि कान देऊन आवाज ऐकायचा. दिवस मोजायचं ते गिऱ्हाईक, दोर कधी मिळणार म्हणून. मी गिऱ्हाइकाचं लक्षात ठेवलं आणि बापाचं विसरले.

मी सुनेला म्हटलं, "त्याला सांग, चूक माझी आहे. आणि साखर लावू नकोस." तिने सांगितलं. म्हातारा घरी गेला. मी पण येऊन खिडकीत बसले. या वेळी कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणावरून आवाज आला. "उठा, मिसस! उठा!"

सुनेकडे पाहिलं तर ती हसत होती. दीड वर्ष तिच्या तोंडून 'बसा' ऐकून म्हाताऱ्याने तिला त्याचा अर्थ विचारला होता, आणि मग याच्या उलट काय म्हणतात तेही विचारून घेतलं होतं. तो कुंपणाशी उभा होता, मागे ढकलगाडीत उरलेल्या पेंढ्या. मी चपला घातल्या.

या वेळी दिवस मोजले नाहीत. रोज सकाळी "उठा, मिसस" झालं की तो एक काडी काढायचा, मोडायचा, आणि मी ऐकायचे. ओली काडी कण्हल्यासारखी वाकते. तयार काडी कट्टकन बोलते आणि साल शेवटपर्यंत सरळ सुटते. कितवा दिवस होता मला माहीत नाही, पण थंडी पडायला लागली होती तेव्हा काडी बोलली. धागा धुऊन वाळवला तेव्हा सोनेरी नाही, माझ्या केसांसारखा करडा निघाला, पण लांब आणि चिवट. मग दोर. फिरकीऐवजी म्हाताऱ्याने बापाच्या वेळचा हाताने फिरवायचा सुताराचा ड्रिल आणला, त्याला आकडा लावला. तो एका टोकाला आकडा फिरवणार, मी कमरेला धागा गुंडाळून पीळ देत मागे मागे चालणार. तेव्हा सगळीकडे माणसांनी एकमेकांपासून लांब राहावं म्हणून पाट्या होत्या. दोर वळणाऱ्या दोघांत मुळातच वीस हात अंतर असतं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई लुगड्यावर मुलाचा जाड कोट घालून शेताजवळच्या गल्लीतून उलटी चालत जाते आहे हे पाहायला गाड्या थांबायच्या. म्हातारा एका हाताने ड्रिल फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने त्यांना टोपीतला परवाना दाखवायचा. पीळ सैल पडला की मी ओरडायचे, "हात मेला का तुझा!" तो सुनेला म्हणायचा, "हे नको सांगूस, हे मला कळलं."

तीन पदरांचा, अंगठ्याएवढा जाड दोर झाला. पुतण्या तो पाहायला आला त्या दिवशी सकाळपासून पाऊस. त्याने दोर उचलला, वास घेतला, तोंड वाकडं केलं, म्हणाला, छान आहे पण दुकानात नायलॉनचा मिळतो. आणि गाडीत बसून वळवायला गेला, तो फाटकाशी मागची दोन्ही चाकं आसापर्यंत चिखलात. गाडी जेवढी रेटावी तेवढी खाली. पांढरे बूट गेले. म्हाताऱ्याने ट्रॅक्टर आणला, दोर गाडीला बांधला. त्या दोराचा पीळ माझा होता. दोर ताणला गेला, त्यातून पाणी टपटप पिळून निघालं, एकदा करकरला. मी मनात बापाला म्हटलं, पीळ तूच शिकवलास, आता तूच बघ. गाडी आवाज करत बाहेर आली. दोराचा एक तंतू तुटला नव्हता. पुतण्याने खाली वाकून तो हाताने चाचपला. म्हातारा ट्रॅक्टरवरून म्हणाला, "ग्रँड?"

पुतण्या म्हणाला, "एक वर्ष. अजून एकच वर्ष."

एवढंच मिळालं. परवाना वर्षाचा आणि पुतण्याचा शब्दही वर्षाचा. पण त्या वयात जास्त मुदतीचं काही मागून तरी काय करायचं?

नोव्हेंबरात मी निघाले. आदल्या दिवशी त्याने उरलेल्या चार पेंढ्या तळ्यात घातल्या, थंडीत काय होतं बघू म्हणाला. आणि तो दोर गुंडाळून कुंपणावर ठेवला. बॅगेत जागा नव्हती. मुलगा म्हणाला, "आई, दोर काय इथून न्यायचा? चॉकलेटं ने लोकांना." मी चॉकलेटं काढली आणि दोर भरला. म्हाताऱ्याचा निरोप घ्यायला कुंपणाशी गेले. आभार मानायची सवय नाही मला, आमच्यात कुणालाच नाही. सुनेला म्हटलं, "त्याला सांग, माझा वेळ बरा गेला." तिने काय सांगितलं देव जाणे, फार वेळ सांगत होती. त्याने या वेळी काही दुरुस्त केलं नाही. टोपी काढून उभा राहिला.

आता तो दोर माझ्या गच्चीवर बांधलेला आहे आणि त्यावर गोधड्या वाळतात. परदेशातून दोर आणणारी बाई म्हणून गल्लीत मला हसतात. विचारलं तर सांगते की मी वळला आहे. हे पूर्वी सांगत नव्हते.

परवा दुपारी फोन वाजला. सुनेचा. पलीकडून तिचा आवाज यायच्या आधी दुसराच आला, "उठा, मिसस!" तो फोन कानाला लावायचा का तोंडाला, हे न कळल्यासारखा ओरडत होता. पुढच्या वर्षाचा अर्ज भरला आहे, हे सांगून झालं. मग म्हणाला, थंडीत घातलेल्या पेंढ्यांतली काडी आहे, ऐक. फोनजवळ काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मी गच्चीत होते, रस्त्यावरून ट्रक चालले होते. म्हटलं, पुन्हा मोड. त्याने पुन्हा मोडली. मी दुसरा कान हाताने दाबून धरला आणि ऐकलं.

"अजून दोन दिवस," मी म्हणाले. "सांग त्याला. घाई करायची नाही."

सुनेने सांगितलं. पलीकडून "ग्रँड" आलं, ते मला सुनेकडून ऐकावं लागलं नाही. फोन बंद झाल्यावर लक्षात आलं की बोलताना मी सगळा वेळ उभीच होते.